गाडी मागे घेताना

परवा नागपुरात बर्डीवर एका माणसानं जुनी ओम्नी मागे घेतली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायको म्हणाली, ‘‘काहून, पायावर गेली का?’’ पायावर गेली नव्हती. पण रिव्हर्स टाकल्यावर त्या गाडीनं जी धून वाजवली, ती माझ्या वडिलांची होती.

वडिलांची म्हणजे त्यांनी रचलेली नव्हे. ते सरकारी हिशेबतपासणीत होते. तिथं धुना रचत नाहीत, आक्षेप रचतात. ही धून त्यांच्या अंत्ययात्रेची, आणि तीही चुकून लागलेली.

खरं म्हणजे वडिलांनी आपल्या शेवटच्या दिवसाचं संगीत स्वतः ठरवून ठेवलं होतं. ‘कट्यार काळजात घुसली’ची कॅसेट. तिच्या कव्हरवर पेन्सिलीनं ‘शेवटी’ एवढंच लिहिलेलं आणि कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवलेली, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदमच हाताशी याव्यात. ‘कट्यार’ हे नागपूरचं नाटक आहे असा त्यांचा दावा होता आणि पुरावे तोंडपाठ होते. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे जन्मानं मूर्तिजापूरचे, पण वाढले नागपुरात आणि शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले ते नागपुरातच. संगीत देणारे जितेंद्र अभिषेकी मात्र गोव्याचे निघाले. ही बाब वडील ‘नोंद’ म्हणून स्वीकारत, ‘आक्षेप’ म्हणून नाही. २४ डिसेंबर १९६७ ही पहिल्या प्रयोगाची तारीख त्यांना माझ्या वाढदिवसापेक्षा चांगली आठवत असे. त्यात वसंतराव लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरीला होते, हे कळल्यापासून ते वडिलांना नुसते गवई वाटेनासे झाले. ते सहकारीच झाले. ‘‘दिवसा ताळेबंद आणि रात्री तान, हे आपल्याच लाइनीतल्या माणसाला जमते,’’ असं ते म्हणत. त्यांना स्वतःला फक्त ताळेबंद जमत असे.

२००४ च्या मे महिन्यात, दुपारी दीड वाजता, म्हणजे नागपुरात कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही अशा वेळी ते गेले. ऊन उतरल्यावर न्यायचं ठरलं. मी कॅसेट काढली, टेपमध्ये घातली, बटण दाबलं आणि लाइन गेली. टेपला सेल चार लागत. घरात तीन निघाले, तेही भिंतीवरची घड्याळं बंद पाडून. मी चौथ्या सेलसाठी शेजारी निघालो, तेव्हा समोरचे काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘राहू दे ना बाबू. वरती ओरिजिनल वसंतराव आहेतच.’’

मग शववाहिनी आली. पांढरी मेटाडोर. महाल भागातली आमची गल्ली अशी की गाडी तोंडानं शिरली तर परत निघत नाही, म्हणून ड्रायव्हरनं ती उलटी आत घ्यायला सुरुवात केली. आणि त्या निःशब्द गल्लीत एकदम वाजू लागलं, टिरी-टिरी-टिरी-रीरी-री. कोपऱ्यावरची नाली चुकवायला त्यानं चार वेळा पुढे-मागे केलं आणि दर खेपेला धून पहिल्यापासून. चौथ्या खेपेला आत्यानं हंबरडा फोडला, तो नेमका सुरात लागला. कुणी हसलं नाही. पण सगळ्यांनी एकाच वेळी जमिनीकडे पाहिलं, ते फक्त दुःखानं पाहिलं असं मी शपथेवर सांगणार नाही.

तिथून मोक्षधाम, म्हणजे आमचा दहनघाट. बाहेरच्यांसाठी सांगतो : पुण्यामुंबईच्या पाहुण्याला घाट म्हटलं की खंडाळा आठवतो, आणि आमचा घाट रोड ऐकून तो विचारतो, ‘वरून दृश्य कसं दिसतं?’ इथल्या घाटावर वर जाऊन दृश्य सांगायला परत कुणी आलेलं नाही.

तेव्हापासून वसंतरावांची ‘कट्यार’ मी कितीही वेळा ऐकली तरी मला आठवतात ते वसंतराव. वडील आठवतात ते मेटाडोरच्या भोंग्यानं.

ही धून कुणाची, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पुतणीच्या कीबोर्डच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. एक सात वर्षांचा मुलगा स्टेजवर आला, खुर्चीवर दोन उशा ठेवून बसला आणि माझी शववाहिनी वाजवू लागला. मी पहिल्या रांगेत रुमाल काढला. बाई भारावल्या. कार्यक्रमानंतर म्हणाल्या, ‘‘काका, बेथोव्हेन इतका मनापासून ऐकणारा पालक मी पहिल्यांदा पाहिला.’’ मी सत्य सांगितलं नाही. घरी येऊन चौकशी केली, तर हे ‘फ्यूर एलिझे’ निघालं, म्हणजे ‘एलिझेसाठी’. बेथोव्हेननं १८१० साली लिहिलेलं, त्याच्या हयातीत न छापलेलं. तो गेला १८२७ मध्ये आणि हे छापून आलं १८६७ मध्ये. मूळ हस्तलिखितही हरवलं. ही एलिझे कोण, यावर विद्वान अजून भांडतात. काहींच्या मते ती एलिझे नव्हतीच, तेरेझे होती. अक्षर वाचताना घोळ झाला. बेथोव्हेनचं अक्षर डॉक्टरांसारखं होतं म्हणतात. थोडक्यात, व्हिएन्नातल्या कुणा मुलीसाठी एका माणसानं जीव ओतून काही लिहिलं, आणि दोनशे वर्षांनी त्याचा उपयोग असा की महालात मागून गाडी येते आहे, बाजूला व्हा. तैवानात तर याच धुनेवर कचरागाडी येते आणि लोक पिशव्या घेऊन धावत खाली उतरतात. मी तैवानात असतो तर रोज संध्याकाळी कचरा टाकायला रडत गेलो असतो, आणि शेजाऱ्यांना वाटलं असतं, या माणसाचा कचऱ्यावर फार जीव.

तेव्हा दुःखाचं खातं हे असं. प्रेमाचं तरी नीट असेल म्हणून तपासायला घेतलं, तर तिथं गोंधळ त्याहून मोठा.

आमच्या नागपूरला प्रेम उन्हाळ्यात होतं, कारण उन्हाळा लांब आणि परीक्षा संपलेल्या. आणि उन्हाळा म्हणजे कूलर. खिडकीत बसवलेला हा पत्र्याचा नातेवाईक मार्चमध्ये येतो आणि पाऊस पडल्याशिवाय हलत नाही. त्याचा एक पक्का षड्ज असतो. शास्त्रात षड्ज अचल आहे म्हणतात, पण कूलरनं शास्त्र वाचलेलं नाही; टाकीतलं पाणी संपत आलं की त्याचा षड्ज उतरतो. १९८२ चा अख्खा उन्हाळा मी त्या षड्जावर काढला. बोळाच्या पलीकडे तिचं घर. तिच्याकडेही कूलर, तिच्याकडेही विविधभारती. रात्री दहाला छायागीत लागलं की दोन्ही खिडक्यांतून एकच गाणं येई आणि मधल्या बोळात त्याची भेट होई. आमची होत नसे.

आजही त्या काळातलं रफीचं किंवा लताचं कुठलंही गाणं स्वच्छ ऐकू आलं की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मुलानं गेल्या वर्षी भारी हेडफोन आणून दिले. म्हणाला, ‘‘बाबा, आता प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येईल.’’ आलं. सतार वेगळी, व्हायोलिन वेगळं, तबला वेगळा. फक्त कूलर नव्हता. वाळ्याचा वासही नव्हता. मी हेडफोन काढून पंखा पाचवर केला, तेव्हा कुठं गाणं लागलं.

तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. संध्याकाळी ती गच्चीवर वाळलेले सांडगे गोळा करायला आली होती आणि मी आमच्या गच्चीवर काहीच न करता उभा होतो. खाली रेडिओवर फर्माइशी गाणं चालू होतं. इतकं योग्य गाणं की झुमरीतलैयाच्या कुणा पुण्यवानानं ते माझ्यासाठीच मागवलं असावं. गाण्याचं शेवटचं कडवं संपत आलं तसा मी मनाशी म्हटलं, आता. तिनं मान वर केली, आणि गाणं संपून जाहिरात लागली, विको टर्मरिकची. तिनं पूर्ण जाहिरातभर माझ्याकडे पाहिलं. मग टोपली उचलून खाली गेली.

आता सांगा, मी काय करू? ते गाणं कुठलं, हे मी चाळीस वर्षांत विसरलो. जाहिरात विसरता आली नाही. आकाशवाणीनं विविधभारतीवर जाहिराती सुरू केल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि पहिल्यांदा ज्या केंद्रांवर सुरू केल्या त्यांत मुंबई-पुण्याबरोबर नागपूर होतं. म्हणजे माझ्या प्रेमात हळद पडण्याची व्यवस्था दिल्लीनं पंधरा वर्षं आधीच करून ठेवली होती. विकोचा एक कारखाना नागपुरातही आहे. त्याला मी जाहीर दोष देत नाही. माझ्या आयुष्यातला एकमेव रोमँटिक क्षण त्यांनी प्रायोजित केला, असंच मी धरून चालतो.

पुढच्याच मे महिन्यात तिचं लग्न झालं. बिदाईच्या वेळी बँड होता. लाल कोट, सोनेरी झालर, कपाळावरून घाम, आणि क्लॅरिनेटवाले मास्तर. त्यांनी ‘नीलकमल’मधलं रफीचं बिदाईगीत घेतलं. १९६८ च्या त्या सिनेमानंतर निदान दोन पिढ्यांच्या बापांना त्या गाण्यानं रडवलं आहे. पण लग्नतिथी दाट होती. मास्तरांना रात्री आणखी एक वरात काढायची होती. त्यांनी ते गाणं असं दौडत घेतलं की वाद्यं त्यांच्या मागे धापा टाकत होती. नवरदेवाच्या मित्रांना वाटलं, हे नाचायचं आहे. ते नाचले. त्यांनी कडेला उभ्या असलेल्या मलाही ओढलं. त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या पहिल्या विरहाची आठवण मला हृदयात होत नाही, गुडघ्यांत होते.

मला वाटायचं, हा घोळ माझ्यापुरता आहे. पण आमचं गावच असं आहे. ताजबागेत ताजुद्दीन बाबांचा उर्स भरतो. बाबा १७ ऑगस्ट १९२५ ला गेले, म्हणजे हा त्यांच्या जाण्याचा दिवस, आणि उर्स या शब्दाचा अर्थ लग्न. कव्वाल टाळ्या वाजवत गातो, तो विरह गातो की मीलन, हे ऐकणाऱ्यानं आपल्या सोयीनं ठरवायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई, महागाई, वाईट चालीरीती या सगळ्यांची ती प्रेतयात्राच म्हणा, आणि गाव तिच्यापुढे धुमालवर नाचतं. धुमाल म्हणजे ट्रकवर चढलेला असा वाद्यवृंद की तो चौकात असला तर तुमच्या स्वयंपाकघरातली भांडी नाचतात. हीच धुमाल गणपतीला, हीच लग्नाला. एका धुमालवाल्याला मी विचारलं, पिकलेल्या माणसाला पोचवायलाही वाजवता का? म्हणाला, ‘‘वाजवतो ना काका. नातू असले पाहिजेत पण. पोरं रडते, नातू नाचते.’’

दोन कवींनी या घोळात भर घातली. सुरेश भट मूळचे अमरावतीचे, पण शेवटी आमचेच. ग्रेस तर नागपूरचेच, वर्षानुवर्षं मॉरिस कॉलेजात शिकवणारे. भटांचं लताबाईंनी गायिलेलं मेंदीचं गाणं लागल्याशिवाय एके काळी आमच्याकडे नवरीच्या हाताला मेंदी लागत नसे, आणि त्यांचाच तो सरणावरचा शेर म्हटल्याशिवाय शोकसभा अजून संपत नाही. इतवारीतला एक पत्रिका छापणारा मला म्हणाला, ‘‘भटसाहेब दोन्ही फायलींत ठेवून आहे भाऊ. फक्त बॉर्डर बदलावी लागते.’’ एकदा बॉर्डर बदलली आणि शेर बदलायचा राहिला. लग्नपत्रिकाच होती ती. मुलीकडच्यांनी आरडाओरड केली. नवरदेवाच्या विवाहित मित्रांना मात्र त्यात खोडण्यासारखं काही दिसलं नाही.

ग्रेस त्याहून अवघड. ‘निवडुंग’ (१९८९) मधलं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल देऊन स्वतः गायिलेलं त्यांचं गाणं आठवा, ज्यात पाऊस आहे आणि ‘ती’ निघून जाते आहे. माझ्या ओळखीतल्या निम्म्या पोरांनी ते आपापल्या ‘ती’साठी वापरून टाकलं. पुढे कळलं की ही ‘ती’ प्रेयसी नसून आई आहे असं मानणारा मोठा पंथ आहे. तोपर्यंत उशीर झाला होता. माझ्या एका मित्राला मुलीनं नकार दिला तेव्हा त्यानं महिनाभर तेच गाणं लावलं. अन्न सोडलं. आई दारात ताट घेऊन उभी राहायची आणि हा भिंतीकडे तोंड करून ‘ती’साठी झुरायचा. आता आई नाही. आता तो आईसाठी म्हणून ते गाणं लावतो, आणि दुसऱ्या कडव्याला त्याला ती मुलगी आठवते. मग तो गाणं थांबवतो, आईच्या फोटोची माफी मागतो आणि पहिल्यापासून लावतो. अजून एकदाही ते शेवटपर्यंत गेलेलं नाही.

मानसशास्त्रवाल्यांकडे याचं उत्तर आहे म्हणतात. माणसाला आयुष्यातली सर्वांत जास्त आठवण राहते ती साधारण दहा ते तिशीच्या आतल्या वर्षांची. तिथं स्मृतीला एक टेंगूळ येतं, आणि त्या वर्षांतली गाणी त्या टेंगळाला धरून बसतात. मला हे पटतं. फक्त टेंगूळ म्हटलं की कुणीतरी मारलेलं असणार, हे ते सांगत नाहीत.

हे टेंगूळ बघायचं असेल तर नागपुरातल्या कुठल्याही कराओके क्लबात जा. निवृत्त झालेला नागपूरकर आता तीर्थयात्रेला जात नाही, तो ट्रॅक डाउनलोड करतो. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात, सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात, कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर, कुठं ना कुठं संध्याकाळी कुणीतरी किशोर झालेला असतोच. बँकेचे, विजेचे, जंगलखात्याचे साहेब. ज्यांनी तीस वर्षं ‘उद्या या’ एवढंच गायिलं, ते आता स्केल विचारतात. इथं गाण्यावर हक्क असतो. अमुक गाणं अमुक साहेबांचं. दुसऱ्यानं चुकून घेतलं तर चहाच्या वेळी वाटण्या होतात. मी आधी हसायचो. मग लक्षात आलं की गाणं त्यांचं नसतं. त्या गाण्याच्या मागे कुणीतरी उभं असतं, आणि ते दुसऱ्याच्या आवाजाला दार उघडणार नाही, ही त्यांची भीती असते.

तिथं एक गृहस्थ येतात. नाव सांगत नाही. बायको जाऊन तीन वर्षं झाली. ते दर वेळी युगुलगीतच घेतात आणि एकटे गातात. आपली ओळ म्हणतात, मग बाईच्या ओळीला माइक जरा खाली करून थांबतात. ट्रॅक वाजत राहतो, पडद्यावर तिचे शब्द रंग बदलत पुढे सरकतात, आणि सभागृहात कुणी खुर्ची सरकवत नाही. पुन्हा आपली ओळ आली की माइक वर. एकदा एका उत्साही ताईंना राहवलं नाही. त्या दुसरा माइक घेऊन स्टेजवर गेल्या आणि त्यांनी ती रिकामी ओळ भरली, अगदी तालात. गृहस्थांनी गाणं पूर्ण होऊ दिलं. मग हात जोडून म्हणाले, ‘‘ताई, सूर फार छान आहे तुमचा. पण ती नेहमी उशिरा यायची.’’

त्या रात्री घरी येऊन मी कपाटातून ‘शेवटी’ची कॅसेट काढली. टेप आता नाही. बायको म्हणाली, यूट्यूबवर अख्खं नाटक आहे. आहे, आणि मी ते ऐकलंही. वसंतराव तसेच आहेत, धारदार. वडील आले नाहीत. त्यांनी एवढी लेखी सूचना देऊन ठेवली, पुरावे जोडले, तरी त्यांची नोंद भलत्याच खात्यात झाली, आणि ती दुरुस्त करायचा अर्ज कुणाकडे करायचा ते मला माहीत नाही.

अडचण अशी आहे की आता ते भेटेनासे झाले आहेत. नव्या गाड्या मागे घेताना नुसतं टीं-टीं करतात. काहींना तेही नाही. ड्रायव्हरपुढे पडद्यावर मागचं चित्र दिसतं. मुलानं तसली गाडी घेतली तेव्हा मी त्याला ती दहा वेळा मागे घ्यायला लावली. मागचा खांब स्पष्ट दिसला, शेजाऱ्यांची मांजर दिसली. आजोबा नव्हते.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत एखादी जुनी ओम्नी, मेटाडोर, टेम्पो असेल आणि रिव्हर्स टाकल्यावर ती एलिझेला हाक मारत असेल, तर मोडीत काढण्याआधी एकदा महालात आमच्या गल्लीत उलटी घेऊन या. पोहे माझ्याकडून, तर्री तुम्हाला झेपेल तेवढी. फक्त संध्याकाळी पाचच्या सुमारास या, आणि कोपऱ्यावरच्या नालीपाशी चार वेळा पुढे-मागे करा.